घिरट्या सर

सरांना बसलेलं मी कितीतरी वर्षं फक्त स्कूटरवर पाहिलं. खुर्चीत बसल्यावर ते कसे दिसत असतील याची शाळेत कुणालाच कल्पना नव्हती. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या वाट्याची एक खुर्ची होती. तिच्यावर आम्ही बाकीचे शिक्षक छत्र्या वाळत घालायचो. भूगोल शिकवायचे तेसुद्धा वर्गाला प्रदक्षिणा घालत. मुलं वहीत लिहिता लिहिता मान फिरवत राहायची. आमच्या शाळेची मुलं पुढं कुठंही भेटली तरी मानेवरून ओळखू येतात, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. एकदा तपासणीला आलेले साहेब वैतागून म्हणाले, "अहो, जरा एका जागी उभं राहून शिकवा की."

सर चालता चालताच म्हणाले, "साहेब, धडा पृथ्वीच्या परिवलनाचा आहे. ती थांबते का कुठं? आणि थांबली, तर किक कोण मारणार?"

साहेबांनी उरलेला तास मान फिरवण्यात घालवला.

मुलं त्यांना घिरट्या सर म्हणायची. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "उभं पाणी आणि उभा माणूस, दोघांनाही डास धरतात." आमच्याकडच्या डासांविषयी ज्याला माहिती आहे तो या वाक्याला हसणार नाही.

नव्वदच्या दशकात मी रेल्वेच्या पूर्वेला नव्यानं उठलेल्या एव्हरशाईन सिटीत राहायला आलो तेव्हा तिथल्या भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास होता आणि जिन्याला कठडे नव्हते. नोकरी मिळाली ती मात्र पार पलीकडे, आगाशीच्या बाजूच्या शाळेत, विज्ञान शिकवायची. म्हणजे रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला जायचं, तिथून गिरीजच्या केळीच्या वाड्यांतून निर्मळ, मग नंदाखाल, मग शाळा. रिक्षा आणि एसटी बदलत मी पोहोचायचो तेव्हा प्रार्थना संपून मुलं बसलेली असायची. वॉचमन म्हणाला, "वरच्या मजल्यावरचे सर त्याच शाळेत जातात. स्कूटर आहे. पण थांबत नाहीत."

"थांबत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे थांबत नाहीत. पळत बसावं लागेल."

मला वाटलं, गंमत करतोय.

ती स्कूटर पोपटी रंगाची होती असं तिचे कागद म्हणायचे. गाडी स्वतः त्याबद्दल मौन बाळगून होती. सकाळी तिला उठवण्याचा विधी असा: सर तिला डावीकडे कलती करायचे, इतकी की तिचा आरसा जमिनीला टेकावा; पोहून आलेलं पोर कानातलं पाणी काढतं तसं. मग संत अंतोनीचा धावा. हा संत हरवलेल्या वस्तू शोधून देतो. सरांचं म्हणणं, स्कूटरचा प्राणही रात्री कुठंतरी हरवतो, तेव्हा खातं त्याच्याकडेच. मग किक. मग पुन्हा किक. वरच्या मजल्यावरच्या बायका त्या आवाजावर कुकर लावायच्या आणि भात कधी कच्चा राहिला नाही. शेवटी गाडी खाकरायची, थुंकायची, निळ्या धुराचा एक लोट सोडायची, आणि त्या धुरातून सर आधीच फाटकाबाहेर पडलेले असायचे.

"एकदा जागी झाली की थांबवायची नाही," ते मागं वळून ओरडले. "बंद पडली तर तुम्ही ढकलणार का? धावा. डावा हात माझ्या खांद्यावर. आणि देवाचं नाव घ्या, कुठल्याही देवाचं, माझी हरकत नाही."

मी धावलो. पहिल्या दिवशी चप्पल गेली, दुसऱ्या दिवशी डबा. आठवड्याभरात असा तरबेज झालो की शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांच्या शर्यतीत पहिला आलो, आणि शर्यत संपल्यावर सवयीनं मुख्याध्यापकांच्या पाठीवर चढलो.

सरांचा सगळा संसार या चालत्या गाडीवर चालायचा. पावाच्या भट्टीवरचा माणूस लादी पाव उंच धरून उभा राहायचा, सर येता येता तो काखेत घ्यायचे. रविवारी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना सुटली की सर आवाराला फेऱ्या मारायचे आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, पायरीवरून साडीचा काठ उचलून अशा अलगद मागं बसायच्या की जणू वाऱ्यानंच उचललं. एका दूरच्या काकांना मूठमाती द्यायला गेले होते, तेव्हा दफनभूमीच्या कुंपणाबाहेरून घिरट्या घालत त्यांनी प्रार्थना म्हटली, एका फेरीला एक ओळ. शेवटचं 'आमेन' म्हणेपर्यंत माणसं घरी जाऊन चहा पीत होती. मी पाहिलं नाही, पण सांगणाऱ्याच्या हातात कप होता.

निर्मळच्या नाक्यावर अर्नाळ्याची एक मावशी मासळीची टोपली घेऊन बसायची. तिचा आणि सरांचा संवाद फेऱ्यांत व्हायचा. पहिल्या फेरीला सर विचारायचे, "मावशी, बोंबील ताजे का?" दुसऱ्या फेरीला ती म्हणायची, "तुझ्यापरीस ताजं हायेत." तिसऱ्या फेरीला केळीच्या पानातलं पुडकं उडत यायचं आणि ते झेलणं हे माझं काम. शाळेत दिवसभर माझ्या हातांना बोंबलाचा वास यायचा आणि मुलं प्रयोगशाळेत मांजरं आणून सोडायची.

"ह्यो मानूस गेल्या जन्मी घार व्हता," मावशी एकदा मला म्हणाली. "उतराची जागाच नाय गावली त्याला."

आता पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर सर कळायचे नाहीत.

आमच्या सिटीत तेव्हा नळ होते, पाणी नव्हतं. पाणी यायचं टँकरनं, पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींतून. टँकर लागला की आम्ही सगळे बादल्या घेऊन धावायचो. सर स्टीलचा पेला घेऊन उतरायचे. टाकीभोवती फिरत एक घोट तोंडात घोळवायचे आणि निकाल द्यायचे. "हे गिरीजचं." पुढच्या दिवशी, "हे निर्मळचं, तळ्याच्या बाजूचं." सोसायटीतले लोक आधी हसले. मग एकानं टँकरवाल्याला गाठून खात्री केली, आणि त्या दिवसापासून सरांचा पेला होईपर्यंत कुणी पाण्याला हात लावेना. कुणीतरी अशीही अफवा उठवली की सरांना पाण्याच्या घोटावरून विहिरीच्या मालकाचा स्वभाव कळतो.

एकदा त्यांनी घोट घेतला आणि निकाल दिला नाही. पेला पुरा प्याले, पालथा घातला आणि गच्चीवर निघून गेले. संध्याकाळपर्यंत वर त्यांची पावलं वाजत होती. मी वर गेलो. "सर, कुठलं होतं?"

"आमचं," सर म्हणाले, आणि पुढच्या फेरीला लागले.

हे 'आमचं' म्हणजे काय, ते मला मावशीनं सांगितलं. नंदाखालच्या वळणावर एक मोठा दगडी क्रूस आहे. त्याला लागून केळी-नारळाची वाडी, वाडीत कौलारू घर. रोज तिथं पोचलं की सर स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवायचे. हॉर्न कसला, आजारी शेळी बेंबटावी तसा आवाज. घराच्या ओट्यावर काळा चष्मा लावलेले एक म्हातारे बसलेले असायचे. हॉर्न वाजला की ते दोनदा खोकायचे. बेंऽ बेंऽ. खॉक्, खॉक्. तेवढ्यात आम्ही पुढं गेलेलो असायचो. मला वाटायचं, आमच्या धुरामुळं खोकतात बिचारे.

"थोरला भाव त्याचा," मावशी म्हणाली. "टँकरला पानी दिलंन त्यानं. धाकटा म्हनला, दादा, समुद्र आत येल, इहीर खारी व्हईल. थोरला म्हनला, लोकं तानेली हायेत, पानी मागत्यात, नाय कसा म्हनू? झालं. ह्यो बायकोला घेऊन गेला निघून. तवापासून बोलनं नाय. आता थोरल्याचं डोलं गेलं, मोतीबिंदू. कापून घ्यायला मागत नाय. त्याला दिसत नाय, ह्याला थांबता येत नाय. दोघं बी खूश."

आणि निघून गेले कुठं, तर जिथं त्या विहिरीचं पाणी टँकरनं जात होतं तिथंच. पाण्यावरून भांडलेला माणूस त्याच पाण्याच्या मागं मागं राहायला आला. हे सरांना सांगायची माझी हिंमत नव्हती. शिवाय सांगणार कसं? मागं बसून त्यांच्या कानाशी बोललेलं सगळं वाऱ्यावर जायचं.

एकदा मी ओरडून विचारलंच, "सर, आगाशीला जायला दुसरा रस्ता आहे की."

"आहे," सर म्हणाले. "खड्डे आहेत."

आमच्या रस्त्याला खड्डे नव्हते असं म्हणणं म्हणजे समुद्राला पाणी नाही म्हणण्यासारखं होतं.

मग एकदा सर तापानं आडवे पडले. म्हणजे त्यांना धरून आडवं करण्यात आलं. पाय चादरीखाली चालतच होते. मला म्हणाले, "स्कूटर घेऊन जा. एक दिवस उभी राहिली तर गंज धरेल." मी खाली गेलो. गाडी कलती केली, अंतोनीचं नाव घेतलं आणि किकवर पाय ठेवला. ठेवला फक्त. गाडी चालू झाली. मला वाटलं, संत घरीच होता. नाक्यावर मी मुद्दाम थांबलो, बंद केली. मावशी आ वासून बघत राहिली. पुन्हा पाय ठेवला, पुन्हा चालू. शाळेपर्यंत मी तिला जागोजागी बंद करून चालू केलं. त्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं. चांगली आज्ञाधारक गाडी होती बिचारी, आणि सकाळच्या त्या सगळ्या किका सर बहुधा तिला लागू न देता मारत असावेत.

संध्याकाळी किल्ली द्यायला गेलो. सर तापल्या डोळ्यांनी बघत म्हणाले, "थांबला होतात कुठं?"

"छे, छे," मी म्हणालो. "हिला थांबवली असती तर अजून ढकलत असतो."

सरांनी डोळे मिटले. पलीकडं त्यांच्या बाई पेज ढवळत होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा पेजेत लक्ष घातलं. सरांचं गुपित उघडं पडलंय, हे त्या घरात एकट्या सरांनाच माहीत नव्हतं.

पुढं काही वर्षं गेली. टँकर यायचे, पण सर पेल्यातला घोट घेऊन नुसती मान हलवायचे. त्यांची विहीर यायची बंद झाली होती. खारी झाली होती, मावशी म्हणाली. केळी पिवळी पडली, टँकरवाल्यांनी पाइप गुंडाळून दुसरी वाडी धरली. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी सरांनी वर्गात खाऱ्या पाण्याचा धडा घेतला, समुद्र जमिनीखालून कसा सरकत येतो तो, आणि मुलं सांगतात की त्या तासाला ते उलटे फिरले.

स्कूटर गेली ती दोन हजार सालाच्या आसपास, आणि गेली ती सरांना शोभेल अशीच. खाऱ्या हवेनं तिचा पाय ठेवायचा पत्रा पोखरला होता. पुलावर सरांनी ब्रेकवर पाय दिला आणि पाय, ब्रेक आणि पत्रा तिन्ही रस्त्यावर उतरले. पुढचा उतार आम्ही दोघं स्कूटर कमरेला अडकवून धावत उतरलो. धावत असूनही सर हॉर्न वाजवत होते.

"आता बास," बाई म्हणाल्या. मी तिथंच चहा पीत होतो. "आता मोटारसायकल घ्या. चार स्ट्रोकची. थांबवता येईल आणि पुन्हा चालू करता येईल अशी. दादांचं वय झालंय."

सर सोफ्याभोवती फिरत होते. "गाडीचा आणि दादाचा काय संबंध?"

"तेच विचारतेय मी. इतकी वर्षं काय संबंध होता?"

सर म्हणाले, "बघू," आणि स्वयंपाकघराला वळसा घालून आले.

मोटारसायकल आली. काळी, चकचकीत, इतकी शांत की चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागे. रिवाजाप्रमाणं सर ती आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात घेऊन गेले. फादर पवित्र पाण्याचं भांडं घेऊन आले तर सर गाडीवर बसून आवाराला फेऱ्या घालतायत. फादरांनी झगा आवरला आणि मागून पळत पळत पाणी शिंपडलं. दोन थेंब सरांच्या ओठावर पडले.

"फादर," सर म्हणाले, "हे निर्मळचं."

"गप बस आणि हेल्मेट घाल," फादर म्हणाले.

पण अंगात मुरलेली स्कूटर अशी जाते होय? पहिल्याच सकाळी सरांनी सवयीनं मोटारसायकल डावीकडे कलती केली, आरसा जमिनीला टेकेपर्यंत. ती काय स्कूटर होती परत उठायला? ती निजलीच, आणि सर तिच्याखाली. त्यांना काढायला अर्धी सोसायटी उतरली. खालूनच ते अंतोनीचा धावा करत होते. मग रस्त्यावर गिअर. स्कूटरचा गिअर डाव्या मुठीत. मोटारसायकलचा डाव्या पायाशी. सर डावी मूठ पिळत राहायचे, ओलं धोतर पिळावं तशी, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये किंचाळत राहायची. गिरीजच्या वाड्यांत लोकांना वाटलं, नारळ फोडायचं नवं मशीन आलं.

थांबायचे मात्र नाहीतच. पाववाला, मावशी, शाळा, सगळं तसंच. फक्त आता त्याला कारण उरलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं, की नंदाखालचं वळण जवळ आलं की सरांची पाठ ताठ होते.

पहिल्या दिवशी वळणावर त्यांनी हॉर्न दाबला. नवा हॉर्न, गोड, शहरी, पीं पीं. म्हातारे ओट्यावर होते. खोकले नाहीत.

"खोकला बरा झाला वाटतं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पीं पीं. ओटा गप्प. तिसऱ्या दिवशी सरांनी क्रुसाला वळसा घालून पुन्हा वाजवला. काही नाही. म्हातारे तोंड रस्त्याकडं करून बसलेले, आम्ही आलो त्याच वाटेकडं अजून कान लावून. त्या आठवड्यात सर वर्गात इतके फिरले की फरशीवर वाट पडली. "आजारी असेल," ते मला म्हणायचे. मग स्वतःच, "आजारी असता तर ओट्यावर कशाला बसला असता?" मग, "तुम्हाला काय वाटतं?" उत्तराला थांबायचेच नाहीत.

शेवटी मावशीनं तोंड उघडलं. नेहमीच्या पद्धतीनं, फेऱ्यांत.

पहिल्या फेरीला ती म्हणाली, "थोरल्यानं चर्चमदी मेनबत्ती लावाला सांगितलीन."

दुसऱ्या फेरीला सरांनी विचारलं, "कुणाला?"

"अंतोनीला."

तिसऱ्या फेरीला, "का? काय हरवलं त्याचं?"

"शेली हरवली," मावशी म्हणाली. "ती तुझी बेंबटनारी शेली. मला रोज इचारतो, मावशे, शेली का येत नाय? मेला का काय माजा भाव?"

चौथी फेरी झालीच नाही. मावशीनं फेकलेलं पुडकं रस्त्यावर पडलं आणि आम्ही सरळ नंदाखालकडं सुटलो, तेही चौथ्या गिअरमध्ये. सरांना तो कुठं असतो हे त्या दिवशी पहिल्यांदा सापडलं.

वळणावर म्हातारे बसलेले होते. सरांनी क्रुसाला एक वळसा घातला. दुसरा घातला. तिसऱ्या वळशाला म्हातारे त्यांच्या बोलीत काहीतरी ओरडले. ती बोली मला अर्धीच कळते. अर्थ असा, की कोण आहे रे, वाट चुकलास का? सरांनी तोंड उघडलं. भूगोलाच्या तासाला मागच्या बाकाच्या पलीकडं जाणारा तो आवाज बाहेरच येईना. आणखी एक वळसा. मग त्यांनी मान वर केली, आणि मी ऐकलं ते सांगतो, पटो न पटो:

"बेंऽऽ," सर म्हणाले. "बेंऽऽ."

 म्हाताऱ्यांनी ओट्याची कड धरली आणि ते खोकले. दोनदा.

"गाडी बदललीस," ते म्हणाले, "तर सांगायचं तरी होतंस."

सरांनी ब्रेक दाबला. इतक्या वर्षांत थांबायला म्हणून पहिल्यांदाच दाबल्यामुळं तो किती दाबावा याचा अंदाज नव्हता. मी त्यांच्या डोक्यावरून पुढं डोकावून परत जागेवर आलो. ते उतरले, गाडी माझ्या हातात सोडून गेले. मी ती स्टँडवर लावली. इंजिन चालूच ठेवलं, नियम होता.

ओट्यावर दोघं शेजारी बसले. सर बसले, लाकडी बाकावर, दोन्ही पाय जमिनीला टेकून. मला ते ओळखू येईनात.

 मग थोरले म्हणाले, "तहान लागली असेल. तुझ्या हातानं काढ."

सर विहिरीवर गेले. रहाट कुरकुरला. भरलेली घागर ओट्यावर आणून त्यांनी तांब्या बुडवला आणि उभ्यानंच घोट घेतला. थोरल्यांनी मान तिरकी केली होती. घोट घशाखाली उतरतो तो आवाज ते ऐकत होते. सरांची जीभ मला ठाऊक होती. दोन गावांमधल्या पाण्यात फरक सांगणारी ती जीभ. ती तांब्यावर थांबली.

"कसं आहे?" थोरल्यांनी विचारलं.

"गोड आहे, दादा."

"खोटं बोलतोस."

"जीभ माझी का तुझी?"

"पाहुणे," थोरले माझ्या दिशेला वळले, "तुम्ही सांगा."

सरांनी तांब्या माझ्या हातात दिला. मी प्यालो. अर्नाळ्याचा समुद्र भरतीला कसा लागेल तसं ते पाणी होतं. माझ्या दाढेत मिठाचा खडा तयार झाला असं मी सांगतो, आणि यात फारसं वाढवलेलं नाही. मी विज्ञान शिकवतो. पाण्याची क्षारता मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. सर माझ्याकडं बघत होते.

"गोड," मी म्हणालो.

 थोरल्यांनी हात पुढं केला, माझ्या हातातला तांब्या चाचपून घेतला आणि स्वतः प्याले.

लांब कुठंतरी आमच्या शाळेची पहिली घंटा झाली. सर उठले. मला वाटलं, आता निघायचं. मी पायात चपला सरकवल्या. ते अंगणात गेले, थरथरत्या मोटारसायकलपाशी थोडा वेळ उभे राहिले, आणि किल्ली फिरवून त्यांनी इंजिन बंद केलं. मग परत येऊन बसले.